त्रेचाळीस फूट आणि फेरीबोट

गोव्यात वाढलेल्या माणसाला फेरीबोट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. धक्क्यावर जायचं, बोट पलीकडे असेल तर थोडं थांबायचं, आली की चढायचं. चालत जाणाऱ्याला तिकीटही नाही. नियोजन हा शब्द तिथे कुणी वापरत नाही.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात राहायला आल्यापासून मात्र माझ्या वर्षाच्या कॅलेंडरमध्ये फेरी हा एक ठळक रकाना झाला आहे. आम्ही राहतो सरी शहरात, मुख्य भूमीवर. समोर समुद्रात व्हँकूवर बेट आहे. बेट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर दिवाडी किंवा चोडण येतं, पण हे बेट गोव्याच्या आठपटीहून मोठं आहे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेचारशे किलोमीटर लांब. तिथे जायला पूल नाही. मधली सामुद्रधुनी काही ठिकाणी तीनशे मीटरहून खोल आहे, तळाशी गाळाचे जाड थर आहेत. त्यामुळे गाडी घेऊन जायचं तर फेरी. १९५८ मध्ये खासगी बोटकंपन्यांत संप झाले आणि बेटाची वाहतूक अडली, तेव्हा प्रांताच्या सरकारने स्वतःची फेरीसेवा काढायचं ठरवलं. १९६० च्या जूनमध्ये ती सुरू झाली. आज तिला बीसी फेरीज म्हणतात. तिच्या सर्वांत मोठ्या दोन बोटी जवळपास १६७ मीटर लांब आहेत आणि एका वेळी साडेतीनशेच्या वर गाड्या नेतात.

आता यात भर म्हणजे आमचा ट्रेलर. इथे उन्हाळ्यात पुष्कळ कुटुंबं पिकअप ट्रकच्या मागे एक छोटं घर जोडून फिरतात. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास, सगळं असतं. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, ते ओढत न्यावं लागतं. आम्ही तीन वर्षांपूर्वी एक जुना ट्रेलर घेतला. तो घेण्यामागे हौस होतीच, पण खरं कारण आई-बाबा होते. बाबा एकाहत्तर वर्षांचे. गुडघे दुखतात, दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं, रात्री तीनदा उठावं लागतं. त्यांना तंबूत झोपवता येत नाही आणि हॉटेलच्या खोलीत कोंडून घेतलेलं त्यांना आवडत नाही. सकाळी उठल्यावर दारात माती हवी, एवढंच त्यांचं मागणं. ट्रेलरने ते जमतं.

गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टसाठी दोघे आले, तेव्हा व्हँकूवर बेटावर आठ दिवसांचा बेत आखला. बाबांनी येतानाच फोनवर सांगितलं होतं, "या खेपेला समुद्र दाखव. पुढच्या खेपेचं पुढे बघू." पुढच्या खेपेबद्दल त्यांच्या डॉक्टरांचं मत काय आहे हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे बाबांनाही माहीत होतं. त्यामुळे हा बेत नीट जमणं माझ्यासाठी महत्त्वाचं होतं.

पहिलं काम मोजमापाचं. इथे फेरीचं भाडं गाडीच्या लांबीवर ठरतं. ठरावीक लांबीपर्यंतची गाडी साधी धरतात आणि त्यापुढच्या प्रत्येक फुटाला पैसे लागतात. सात फुटांपेक्षा उंच गाडी वेगळ्या गटात जाते. ट्रेलरच्या मॉडेलच्या नावात जो आकडा असतो तो पुष्कळदा नुसत्या खोलीच्या लांबीचा असतो. पुढचा लोखंडी दांडा आणि मागचा बंपर त्यात येतोच असं नाही. म्हणून ट्रक आणि ट्रेलर जोडून, सपाट जागी उभे करून, ट्रकच्या पुढच्या बंपरपासून ट्रेलरच्या शेवटच्या टोकापर्यंत टेप लावायचा. एक टोक मी धरलं, दुसरं माझ्या सहा वर्षांच्या मुलीने. बेचाळीस फूट तीन इंच. आरक्षणात मी त्रेचाळीस लिहिले. उंची छतावरच्या एसीपर्यंत मोजली, दहा फूट आठ इंच. मागे सायकलींचा स्टँड लावला असता तर आणखी तीन फूट वाढले असते, म्हणून सायकली ट्रकच्या हौद्यात आडव्या घातल्या.

हे तीन फूट नुसते पैशाचे नाहीत. फेरीचा डेक म्हणजे लांब लांब रांगा. बोट भरत आली की प्रत्येक रांगेच्या शेवटी थोडी थोडी जागा उरते. कुठे दहा फूट, कुठे पंचवीस. छोट्या गाड्यांना ती पुरते. त्रेचाळीस फुटांच्या जोडीला एकाच रांगेत, एकसलग आणि उंच छताखालचीच जागा लागते. संगणकशास्त्रात हा जुना प्रश्न आहे. ठरावीक मापाच्या डब्यांत वेगवेगळ्या मापाच्या वस्तू कशा बसवायच्या? मोठी वस्तू आधी ठेवली तर जमतं, शेवटी आणली तर डबे रिकामे असूनही ती बाहेर राहते. आरक्षणाशिवाय गेलेला ट्रेलरवाला ही बाहेर राहणारी वस्तू असतो. त्याच्या डोळ्यांदेखत मागून आलेल्या छोट्या गाड्या आत जातात, आणि त्यात कुणाची लबाडी नसते.

म्हणून दुसरं काम आरक्षण. तेही उलट्या क्रमाने केलं. आधी कॅम्पिंगची जागा, मग परतीची फेरी, शेवटी जाण्याची. उन्हाळ्यात बेटावर जायला शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी सकाळी गर्दी असते. परतताना रविवारी आणि सोमवारच्या सुट्टीला सगळेच एकदम निघतात. जुलैची पहिली तारीख कॅनडा दिवसाची, ऑगस्टचा पहिला सोमवार प्रांताच्या सुट्टीचा, सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगार दिनाचा. या तिन्हींच्या आसपास ट्रेलर घेऊन निघणं म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात चारचाकी घालणं. आम्ही मंगळवारी जायचं आणि पुढच्या बुधवारी यायचं ठरवलं. मुलीची शाळा जूनच्या अखेरीस संपते, त्यामुळे आठवड्याच्या मधले दिवस मिळाले. मला ऑफिसमधून सहा दिवस रजा टाकावी लागली, पण ती सार्थकी लागली.

तिसरा निर्णय मार्गाचा. मुख्य भूमीवरून बेटावर जायला तीन मोठे मार्ग आहेत. त्सवासनहून स्वॉर्ट्झ बे, पाऊण-पावणेदोन तासांच्या हिशेबात नेमकं सांगायचं तर एक तास पस्तीस मिनिटं. हॉर्सशू बेहून डिपार्चर बे, एक तास चाळीस मिनिटं. त्सवासनहून ड्यूक पॉइंट, दोन तास. आम्हाला जायचं होतं पार्क्सव्हिलजवळच्या रॅथट्रेव्हर किनाऱ्यावर. पाण्यावरचा वेळ बघितला तर ड्यूक पॉइंटचा मार्ग सर्वांत लांब. पण हॉर्सशू बेला जायचं तर ट्रेलर घेऊन शहर ओलांडावं लागतं. स्वॉर्ट्झ बेला उतरलं तर पुढे मॅलाहॅटचा डोंगर चढावा लागतो, तिथला रस्ता साडेतीनशे मीटर उंचीपर्यंत जातो आणि वळणांचा आहे. ड्यूक पॉइंटला उतरलं की गाव लागत नाही, सरळ महामार्ग, आणि पन्नास किलोमीटरवर मुक्काम. पाण्यावरची वीस-पंचवीस मिनिटं वाढतात, रस्त्यावरची कसरत कमी होते. समुद्रावर मी चालक नसतो, चहा पीत बसलेला असतो. मला तो सौदा पसंत पडला.

चौथी गोष्ट बाबांच्या औषधाची, आणि खरं म्हणजे सगळ्या बेतात सर्वांत जास्त विचार मी हिचाच केला. ट्रेलरचा फ्रिज प्रवासात गॅसवर चालतो. फेरीत चढण्यापूर्वी गॅसचे सिलिंडर बंद करावे लागतात आणि गॅसवरचं प्रत्येक उपकरण बंद ठेवावं लागतं. बंदिस्त डेकवर शेकडो गाड्या उभ्या असताना हा नियम योग्यच आहे. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा काही तास टिकतो, त्यामुळे दुधाची किंवा भाजीची काळजी नव्हती. पण दुसरा नियम असा की बोट चालू असताना खालच्या बंदिस्त डेकवर कुणालाही थांबता येत नाही. २०१७ पासून तो कडक पाळला जातो. आणि आमच्यासारख्या उंच गाड्या बहुतेक वेळा त्याच डेकवर जातात. म्हणजे एकदा वर गेलं की दोन तास ट्रेलरमधली वस्तू मिळणार नाही. ट्रेलरच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं इन्सुलिन त्या दोन तासांत नसल्यासारखंच.

म्हणून एक वेगळी छोटी थंड पिशवी केली. त्यात इन्सुलिनचं पेन, राखीव साठा, साखर मोजायचं यंत्र, ग्लुकोजच्या गोळ्या आणि चार बिस्किटं. बर्फाची थैली फडक्यात गुंडाळून ठेवली, कारण इन्सुलिन गोठलं तर ते वापरता येत नाही. ही पिशवी ट्रेलरमध्ये कधीच ठेवायची नाही, ती आईच्या खांद्यावर. आईने तिला नाव दिलं "देवाची पिशवी", कारण आमच्याकडे प्रवासात देवाच्या मूर्तीची पिशवी अशीच कुणीतरी हातात धरून बसतं.

पाचवी गोष्ट जिन्यांची. डेकवरून वर जायला लोखंडी जिने असतात आणि ते बाबांच्या गुडघ्यांना झेपणारे नाहीत. मोठ्या बोटींवर लिफ्ट असते, पण गाडी लिफ्टपासून लांब लागली तर गाड्यांच्या फटीतून वाट काढत जावं लागतं. तिकिटाच्या खिडकीवरच सांगितलं की सोबत वयस्क माणूस आहे, लिफ्टजवळ जागा हवी, तर ते तशी खूण करून देतात आणि डेकवरची माणसं शक्य तितकी मदत करतात. हे आधी सांगावं लागतं. रांगेत उभे राहिल्यावर सांगून उपयोग नसतो.

बाबा या सगळ्या नियोजनाकडे आधी गमतीने बघत होते. मी तक्ता केला होता, त्यात वेळा, पर्याय, अंतरं, सगळं. त्यांनी तो चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "पहिली फेरी चुकली तर?"

"आरक्षण आहे, बाबा. वेळेत पोचलो की चुकत नाही."

"तसं नव्हे. वाटेत काही झालं तर?"

मग त्यांनी मला १९८६ सालची गोष्ट सांगितली. त्या जुलैमध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. बाबा तेव्हा पर्वरीला राहायचे आणि नोकरी पणजीत. रातोरात सगळी वाहतूक फेरीबोटींवर आली. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. "पहिल्या महिन्यात सगळे घड्याळाकडे बघून चिडायचे," बाबा म्हणाले. "मग मी एक ठरवलं. ज्या फेरीने गेलो तर मस्टर गाठेन, तिच्या आधीच्या दुसऱ्या फेरीसाठी घरून निघायचं. एक चुकली तरी चालेल, दोन चुकल्या तरी चालेल. त्यानंतर मला कधी घाई झाली नाही."

आम्ही सॉफ्टवेअरवाले यालाच बफर म्हणतो आणि त्यावर तास-तास मीटिंगा घेतो. मी तक्ता बदलला. अकराची फेरी होती, तिथे पावणेदहाला पोचायचं असं लिहिलं होतं. बाबांच्या हिशेबाने सव्वानऊ केलं. त्सवासनचा धक्का समुद्रात तीन किलोमीटर आत गेलेल्या बांधावर आहे. लवकर पोचलं तर तिथे बसायला जागा आहे, वारा आहे, स्वच्छतागृहं आहेत. आईने चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून घेतली होती. ट्रकचा मागचा फळा पाडून आम्ही तिथेच न्याहारी केली. शेजारच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी भाजीचा वास घेत कौतुक केलं, आईने त्यांना एक गुंडाळी करून दिली. तो पाऊण तास मला वाया गेल्यासारखा वाटला नाही.

सहावी गोष्ट, जिच्यावर घरात खरा वाद झाला, ती सॉल्ट स्प्रिंगची. आईच्या यादीत ते बेट होतं. तिथला शनिवारचा बाजार तिने कुठेतरी बघितला होता. नकाशावर ते अगदी जवळ दिसतं. पण तिथे ट्रेलर नेणं म्हणजे आणखी दोन फेऱ्या, त्याही छोट्या बोटींच्या. आणि भरती-ओहोटीचा प्रश्न. मांडवीच्या मुखाशी पाणी दोनेक मीटर वर-खाली होतं. इथे काही दिवशी चार मीटरहून जास्त. ओहोटीला बोट खाली जाते, रॅम्पला उतार येतो, आणि लांब शेपटाचा ट्रेलर त्या उताराच्या टोकाला मागून घासू शकतो. मोठ्या धक्क्यांवर हे फारसं जाणवत नाही, छोट्या बेटांवर जाणवतं. त्यात इथे उन्हाळ्यातली सर्वांत खोल ओहोटी साधारण दुपारच्या आसपास येते. म्हणजे आपण ज्या वेळी सोयीने प्रवास करू त्याच वेळी उतार जास्त.

मी सॉल्ट स्प्रिंग काढून टाकलं. आई दोन दिवस गप्प होती. बायको म्हणाली, "त्यांना बाजार नको आहे, त्यांना छोट्या बोटीने छोट्या बेटावर जायचं आहे. ट्रेलर कशाला हवा त्यासाठी?"

तिचं म्हणणं सरळ होतं, आणि सगळा बेत त्यावर उभा राहिला. ट्रेलर समुद्रापार एकदाच न्यायचा, एकदाच आणायचा. मधले आठ दिवस तो एका जागी उभा. फिरायचं ते हलक्या हाताने.

रॅथट्रेव्हरला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. दुपारच्या ज्या ओहोटीने आमचं सॉल्ट स्प्रिंग हिरावलं, तिने इथे परतफेड केली. इथे पाणी जवळजवळ एक किलोमीटर मागे जातं आणि उन्हाने वाळू तापते. मग भरती त्या तापलेल्या वाळूवरून परत येते तेव्हा पाणी कोमट होतं. या थंड समुद्रात पोहता येण्याजोगं पाणी अशाच जागी मिळतं. बाबा रोज सकाळी ट्रेलरच्या पायरीवर बसून चहा घ्यायचे आणि दुपारी नातीचा हात धरून ओल्या वाळूत चालायचे. वाळू घट्ट आणि सपाट, त्यामुळे गुडघे कुरकुरले नाहीत. मुलीने त्यांना शिंपले ओळखायला लावले. त्यांनी सगळ्यांना "तिसऱ्या" म्हणून टाकलं.

पाचव्या दिवशी ट्रेलर कॅम्पमध्येच ठेवून आम्ही नुसत्या ट्रकने उत्तरेला बकली बेला गेलो. तिथून डेनमन बेटावर फेरी जाते. ही फेरी केबलवर चालते. समुद्राच्या तळाशी जाड तारा आहेत, बोट एका तारेला धरून स्वतःला पलीकडे ओढत नेते आणि बाकीच्या दोन तारा तिला वाट सोडू देत नाहीत. २०१६ पासून ती सुरू आहे. अंतर १.९ किलोमीटर, आणि एवढ्या अंतराच्या केबल फेऱ्या जगात दुर्मीळ. आम्ही ट्रक धक्क्यावर ठेवला आणि चालत चढलो. देवाची पिशवी आईच्या खांद्यावर.

दहा मिनिटांचा प्रवास. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. आमचं मूळ गाव नार्वे, डिचोली तालुक्यातलं. पलीकडे दिवाडी. सप्तकोटेश्वर आधी त्या बेटावर होता, पोर्तुगीज काळात नदी ओलांडून तो नार्व्याला आणला गेला. बाबांच्या लहानपणी त्यांच्या आत्याचं घर दिवाडीवर होतं. "आत्या धक्क्यावर येऊन उभी राहायची," ते म्हणाले. "बोटीतून तिचं लुगडं दिसायचं." मुलीने विचारलं, "मग तुम्ही ट्रेलर नाही न्यायचे?" बाबा मोठ्याने हसले. आईही हसली, आणि सॉल्ट स्प्रिंगचा विषय तिथे संपला.

परतीचा बुधवारही साधा गेला. सिलिंडर बंद, फ्रिज बंद, पिशवी बाहेर, लिफ्टजवळ जागा. बाबांची साखर बोटीत मोजली, ठीक होती.

तुमच्यापैकी कुणी इथे राहत असेल, किंवा मुला-नातवंडांकडे इथे येणार असेल, आणि असा बेत करणार असेल, तर तक्त्याच्या पहिल्या ओळीत फेरीची वेळ लिहू नका. सोबत कोण आहे ते लिहा. कुणाला जिना चढवत नाही, कुणाचं औषध थंड लागतं, कुणाला किती वेळाने भूक लागते. त्यावरून मार्ग ठरतो, मार्गावरून दिवस, दिवसावरून फेरी. मग टेप घेऊन लांबी मोजा. छोटी बेटं छोट्या बोटींनी, चालत जाऊन बघा. राखीव पेट्रोलचा डबा नेत असाल तर त्यावरची मर्यादा आणि आरक्षण बदलण्याचे नियम आधी वाचून घ्या, दर वर्षी वाचा, ते बदलतात.

या डिसेंबरात आम्ही गोव्याला येतो आहोत. मुलीला नार्व्याहून दिवाडीला जायचं आहे. बाबांनी फोनवर सांगितलं आहे की तक्ता करू नकोस, धक्क्यावर जाऊन उभे राहू. मी बरं म्हटलं आहे. थंड पिशवी मात्र मी इथूनच घेऊन येणार आहे.